लिंबावरचा डाग

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मंडईत लिंबे निवडणाऱ्या माणसाकडे जरा थांबून पाहावे. एरवी पाच-दहा लिंबे न बघता पिशवीत टाकणारा गृहस्थ त्या दिवशी एकेक लिंबू बोटांत फिरवून पारखतो. साल पातळ हवी, रंग पिवळाधमक हवा आणि मुख्य म्हणजे अंगावर डाग नको. तपकिरी, खरखरीत, मधोमध फुटलेला तो फोड दिसला की लिंबू परत ढिगात जाते. विकणारी बाई म्हणते, “वरवरचं हाय दादा, आत रस चांगला हाय.” आणि ती खरे बोलत असते. तो फोड सालीचाच असतो, रसाशी त्याचे काही देणेघेणे नसते. पण देवापुढे ठेवायचे लिंबू, तेव्हा तिच्या खरेपणाचा उपयोग होत नाही.

या डागाला आमचे बागाईतदार ‘खैऱ्या’ म्हणतात. नाव ऐकले की विड्यातल्या काताचा रंग डोळ्यांपुढे येतो. कागदी लिंबाचा तर तो जन्मवैरी आहे. पावसाळी वाऱ्याबरोबर तो फांदीवरून फांदीवर उडतो. नागअळीने पानावर नागमोडी वाट कोरली असेल, तर त्या जखमेतून आत शिरतो. त्याच बांधावर संत्र्याचे झाड असेल तर त्याला मात्र फारसा त्रास देत नाही. रोगट फांद्या छाटाव्यात, जाळाव्यात, बोर्डो मिश्रण फवारावे आणि डाग पडलेला माल पडत्या भावाने विकावा, अशी शेतकऱ्याची रीत आहे. ज्याचा वर्षाचा संसार दोन एकर लिंबावर चालतो, त्याला हा डाग म्हणजे सालीवरची खोड नसून घरखर्चातली तूट असते.

हा डाग नेमका घडवतो कोण? रोगाचा जंतू, हे सरळ उत्तर झाले. पण ते अर्धेच उत्तर आहे, आणि उरलेले अर्धे हाती यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या अवधीत जगाने प्रश्न कमी विचारले आणि आगपेट्या जास्त ओढल्या. ही हकीकत त्या शंभर वर्षांची आहे. ती बरीचशी घडली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, कारण संत्री आणि ग्रेपफ्रूट ही त्या राज्याची लक्ष्मी.

१९१०च्या सुमारास जपानहून फ्लोरिडात त्रिदल संत्र्याची रोपे आली. फळासाठी नव्हेत, कलमाचा खुंट म्हणून, कारण ते झाड थंडीला सहसा दाद देत नाही. १८९४-९५च्या हिवाळ्यातल्या हिमाने फ्लोरिडातल्या बागाच्या बागा गारठून मेल्या होत्या, त्याची धास्ती अजून ओसरली नव्हती. थंडीवर उतारा म्हणून आणलेल्या त्या रोपांबरोबर खैऱ्याही आला. दोन-तीन वर्षे तर तो कोणाच्या लक्षात आला नाही. पानांवरचे फोड पाहून लोक म्हणाले, ही नेहमीचीच बुरशी, जरा दांडगी आहे इतकेच.

बुरशी नव्हे हे दाखवून दिले क्लारा हॅसे या बाईंनी. अमेरिकेच्या कृषिखात्यात एर्विन स्मिथ नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होते. वनस्पतींनाही जिवाणूंचे रोग होतात, हे युरोपातल्या नामांकित पंडितांशी भांडून त्यांनी मान्य करून घेतले होते. त्यांचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. ज्या काळी प्रयोगशाळेत स्त्रिया अपवादानेच दिसत, त्या काळी त्यांनी वीसहून अधिक स्त्रियांना आपल्या हाताखाली संशोधनाचे काम दिले. हॅसेबाई त्यांच्यापैकी एक. त्यांनी फोडांतून पिवळ्या रंगाचा जिवाणू वेगळा काढला, तो निरोगी पानांत टोचला, पुन्हा तसेच फोड उठवले आणि त्या फोडांतून पुन्हा तोच जिवाणू बाहेर काढला. १९१५ साली त्यांचा निबंध छापून आला. त्यांनी दिलेल्या नावाचा पहिला भाग पुढे बदलला. आज शास्त्रात त्या जिवाणूला ‘झँथोमोनास सिट्री’ म्हणतात, म्हणजे लिंबूकुळातला पिवळा. हॅसेबाई १९२६ साली गेल्या.

शत्रू कोण ते कळले, पण हत्यार सापडले नाही. औषध नाही म्हटल्यावर राहिला अग्नी. कामगार तेलाच्या जळत्या फवाऱ्याने उभे झाड पेटवीत. झाडाला हात लागू नये, एका बागेतून दुसऱ्या बागेत पाऊल जाऊ नये म्हणून कपडे आणि हत्यारे पाऱ्याच्या विषारी द्रावणाने धूत. अडीच लाखांवर बागेतली झाडे आणि तीस लाखांवर रोपवाटिकांतली रोपे अशी जाळली गेली. १९३३ साली फ्लोरिडा रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. हा विजय खरा होता, हे कबूल केले पाहिजे. पण विजयाची एक खोड असते. ज्या उपायाने एकदा जिंकलो, त्याच उपायाने पुढची लढाई लढण्याचा मोह आवरत नाही.

ती पुढची लढाई १९८४ साली उभी राहिली. फ्लोरिडातल्या एका रोपवाटिकेत पानांवर पुन्हा डाग दिसले. तपासले तर जिवाणू, तोही झँथोमोनास. मग काय विचारता! जुन्या मोहिमेची पुस्तके उघडली गेली, पहारे बसले आणि जाळपोळ सुरू झाली. बघता बघता सुमारे दोन कोटी रोपांची राख झाली. पण काही जाणत्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. डाग सपाट होते, खैऱ्यासारखे फुगून फुटत नव्हते, आणि मोठ्या झाडांवर, फळांवर रोग जवळजवळ दिसतच नव्हता. तोवर जिवाणूंचे जनुकद्रव्य तोडून त्याच्या तुकड्यांचा ठसा घेण्याची विद्या हाती आली होती. आपल्याकडे सातबाऱ्यावरून जमीन ओळखतात, तशी या ठशावरून जिवाणूची कुळी ओळखता येते. ठसे जुळवून पाहिले तेव्हा उघड झाले की हा खैऱ्या नव्हेच. नाव सारखे, आडनाव सारखे, पण घराणे वेगळे. तो एक दुबळा चुलत भाऊ निघाला, रोपवाटिकेपलीकडे त्याची मजल फारशी जात नव्हती. दोन कोटी रोपे दुसऱ्याच्या अपराधासाठी जळाली. जिवाणूंच्या आनुवंशिकीचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी एवढीच गोष्ट सांगतो.

दुर्दैव असे की खरा खैऱ्याही मागोमाग आला. १९८६ साली टँपाच्या परिसरात तो सापडला. तिथून निपटला म्हणेपर्यंत १९९५ साली मायामीच्या विमानतळाजवळच्या वस्तीत उगवला. या खेपेला झाडे बागाईतदारांची नव्हती, घराघरांच्या परसातली होती. कोणी आजोबांनी लावलेले, कोणी मुलाच्या जन्माला लावलेले. आधी नियम होता की रोगट झाडापासून १२५ फुटांतली लिंबूकुळातली झाडे तोडावी. पण वादळी पावसात जिवाणू किती दूर उडतो याचा हिशेब मांडला गेला आणि २००० साली ते अंतर १,९०० फूट झाले. तेवढ्या वर्तुळात सुमारे २६० एकर जमीन येते. म्हणजे पलीकडच्या आळीत एका झाडावर डाग दिसला, तर तुमचे ठणठणीत झाड उद्या करवतीखाली!

लोक बिथरले. फाटकाला कुलपे लागली, खटले गुदरले गेले. परवान्यावाचून परसात शिरता येते काय, निरोगी झाड पाडले तर भरपाई किती, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. पहिल्या झाडाबद्दल शंभर डॉलरचे खरेदीचे कूपन मिळे. ज्या झाडाखाली मुले वाढली त्याचे मोल कूपनात कसे करायचे, हा प्रश्न अर्थात कायद्याच्या पुस्तकात नव्हता. तरी सरकारला खलनायक ठरवणे सोपे आहे, बरोबर नाही. हिशेब मांडणाऱ्यांचे गणित चुकलेले नव्हते. निम्म्या मनाने तोडलेली झाडे फुकट गेली असती, हेही खरे. २००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मात्र त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी चक्रीवादळे आली. न्यायालयाचा निकाल वाऱ्याला लागू नव्हता. त्याने जिवाणू असा उधळला की सगळी वर्तुळे एकमेकांत मिसळून गेली. जानेवारी २००६मध्ये मोहीम थांबली. तोवर दीड कोटीहून अधिक झाडे पडली होती आणि खैऱ्या फ्लोरिडातच होता.

एकीकडे करवती चालल्या असताना त्याच फ्लोरिडात, गेन्सव्हिलच्या विद्यापीठात, वेगळ्याच तऱ्हेचे काम चालू होते. डीन गॅब्रिएल यांच्या प्रयोगशाळेत संजय स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. खैऱ्याच्या जिवाणूत हजारो जनुके आहेत, त्यांतले फोड उठवणारे कोणते? त्यांनी त्याचे जनुकद्रव्य तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या, खैऱ्या न करणाऱ्या जिवाणूंत घातले आणि ते लिंबूकुळाच्या पानांत टोचून पाहिले. एका तुकड्याने चमत्कार केला. ज्या जिवाणूला खैऱ्या येत नव्हता तो फोड उठवू लागला. १९९१-९२च्या निबंधांत या जनुकाची ओळख जगाला झाली. नाव ठेवले ‘पीटीएच-ए’. पुढे १९९९ साली आणखी नवल दिसले. जिवाणूला दूर ठेवून नुसते ते जनुक पानाच्या पेशींत कार्यरत केले, तरी फोड उठला. चोर घरात आलाच नाही, त्याची चिठ्ठी तेवढी आली आणि घरच्यांनी आपल्या हाताने तिजोरी फोडली, असा तो प्रकार.

चिठ्ठीत असे काय लिहिले होते?

मध्यंतरी ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी जिवाणूची सगळी पोथीच वाचून काढली. संत्र्याचा रस जगाला पाजणारा तो देश. तिथल्या साओ पावलो राज्यातल्या प्रयोगशाळांनी एकजुटीने संत्र्याच्याच दुसऱ्या एका रोगाचा जिवाणू २००० साली अक्षरन् अक्षर वाचला होता. वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूची ती जगातली पहिली पोथी. २००२ साली त्यांनी खैऱ्याची वाचली, ५० लाखांहून अधिक अक्षरांची. तेव्हा दिसले की पीटीएच-ए जनुकाच्या चार प्रती आहेत, आणि त्या मुख्य पोथीत नसून तिच्यासोबत ठेवलेल्या दोन लहान गोल चोपड्यांत आहेत. अशा चोपड्या जिवाणू एकमेकांना देऊही शकतात. हे वाचून अंगावर काटा येतो खरा.

या जनुकापासून बनणारे प्रथिन मोठे चमत्कारिक. त्याच्या मधल्या भागात सारख्याच बनावटीचे मणी ओवलेले असतात, जपमाळेसारखे. प्रत्येक मणी ३४ अमिनो आम्लांचा. खैऱ्याच्या माळेत असे साडेसतरा मणी आहेत, शेवटचा अर्धा. मणी हुबेहूब एकसारखे दिसतात, पण प्रत्येकात बाराव्या आणि तेराव्या जागेवर फरक असतो. हा फरक कशासाठी, याचा उलगडा २००९ साली दोन ठिकाणी एकाच वेळी झाला. जर्मनीत हाले येथे येन्स बोख आणि उला बोनास यांच्या गटाने तो मिरचीच्या रोगजंतूवरून केला, तर अमेरिकेत आयोवा येथे मॅथ्यू मॉस्कू आणि अ‍ॅडम बोग्डानोव्ह या दोघांनी गणकयंत्रावर अक्षरे जुळवून केला. उत्तर इतके सोपे निघाले की आधी कसे सुचले नाही याचे आश्चर्य वाटावे. एक मणी म्हणजे एक अक्षर. जनुकद्रव्याची वर्णमाला चार अक्षरांची. मण्यातली ती दोन आम्ले ठरवतात की हा मणी चारांपैकी कोणत्या अक्षरावर बसणार. सगळी माळ मिळून एक शब्द होतो. जिवाणू सुईसारख्या नळीतून ही माळ झाडाच्या पेशीत टोचतो. माळ पेशीच्या केंद्रकात जाते, झाडाच्या पोथीत तो शब्द शोधते आणि जिथे सापडेल तिथे जाऊन बसते.

आता प्रश्न राहिला, झाडाच्या पोथीत तो शब्द कोठे लिहिलेला आहे. २०१४ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी ती जागा दाखवून दिली. लिंबूकुळात ‘लॉब-१’ नावाचे एक जनुक आहे. त्याच्या दाराशी, जिथे ते चालू-बंद करण्याची कळ असते तिथे, हा शब्द आहे. निरोगी पानात हे जनुक निमूट पडून असते. माळ त्या कळीवर बसली की ते खडबडून जागे होते आणि पेशींना हुकूम सुटतो: फुगा, वाढा, दुभंगा. पान आतून फुगते, त्वचा फाटते, फोड तयार होतो आणि त्या फटीतून लाखो जिवाणू पुढच्या पावसाची वाट पाहत बाहेर येतात. मंडईतल्या लिंबावर आपण पाहतो तो डाग झाडाने स्वतः घडवलेला असतो. जिवाणूने फक्त कळ दाबली.

रोगाला तोंड द्यायचे तर झाडात काहीतरी घालावे लागते, अशी आपली समजूत. इथे उलटे. झाडात आहे तेच काढायचे, तेही पूर्ण नव्हे, कळीवरची थोडी अक्षरे खोडायची, म्हणजे माळेला बसायला जागा उरणार नाही. जनुके कातरण्याची नवी हत्यारे तोवर आली होतीच. गमतीची गोष्ट म्हणजे त्यांतले एक या मणीमाळेच्याच रहस्यावरून घडवलेले. २०१६-१७ साली फ्लोरिडात ग्रेपफ्रूटच्या आणि चीनमध्ये संत्र्याच्या रोपांत लॉब-१ची अक्षरे बदलून पाहिली गेली. जिवाणू टोचल्यावर काही रोपे जवळजवळ कोरी राहिली. हे प्रयोगशाळेतले यश आहे, बागेतले नव्हे, हे विसरता कामा नये. जिवाणूही आपल्या माळेतले मणी बदलू शकतो. शिवाय फ्लोरिडाच्या नशिबी याहून वाईट लिहिलेले होते. २००५ साली तिथे ‘ग्रीनिंग’ नावाचा दुसराच जिवाणुरोग आला आणि २००३-०४च्या हंगामात २४ कोटी पेट्या संत्री देणारे राज्य २०२२-२३मध्ये दीड कोटीच्या आसपास आले. जळलेल्या रोपांची नि तोडलेल्या परसबागांची कहाणी त्या मोठ्या दुःखात बुडून गेली.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. फ्लोरिडात खैऱ्याची आणखी एक जात सापडली. ती कागदी लिंबावर तुटून पडे, ग्रेपफ्रूटला मात्र तिची बाधा होत नसे. २००९ साली कारण कळले. तिच्यापाशी एक जनुक जास्तीचे होते आणि त्याच्या खुणेवरून ग्रेपफ्रूट तिला ओळखत असे. चोराच्या पायात पैंजण असावेत तसे. ते जनुक काढून टाकले तर तोच जिवाणू ग्रेपफ्रूटवरही फोड उठवू शके. या कुळीचे जिवाणू भारतातही आढळतात, आणि आपल्याकडे कागदी लिंबू रोगाला का इतके बळी पडते हे पाहताना ही माहिती उपयोगी आहे. आपल्या लोकांनी जनुकांची अक्षरे न वाचताही वाट काढलीच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेले ‘साई शरबती’ लिंबू रोगाला बरेच सोसून घेते, म्हणून ते बागाईतदारांच्या पसंतीस उतरले.

पण मुळात हा रोग कोणाचा? अमेरिकेने जपानकडे बोट दाखवले होते. नंतर कोणी दक्षिण चीन म्हटले. १९३३ साली हॉवर्ड फॉसेट आणि अ‍ॅना जेन्किन्स यांनी एक निराळीच युक्ती केली. वनस्पतिशास्त्राच्या संग्रहालयांत जुनी वाळवलेली पाने कागदावर चिकटवून ठेवलेली असतात. ज्यांनी ती खुडली त्यांना झाडाचे नाव हवे होते, रोगाशी त्यांना कर्तव्य नव्हते. या दोघांनी त्या पानांवर डाग शोधले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या संग्रहात महाळुंगाचे एक पान मिळाले, १८२७ ते १८३१च्या दरम्यान हिंदुस्थानात, डेहराडूनकडे खुडलेले. त्याच्यावर खैऱ्याचे फोड होते. जपानहून रोपे फ्लोरिडात गेली त्याच्या कितीतरी आधी.

फोड वाळले तरी त्यांच्यातल्या जिवाणूचे जनुकद्रव्य पूर्ण नष्ट होत नाही, लहान लहान तुकड्यांनी उरते. २०२१ साली मॉरिशसमध्ये १९३७ साली खुडलेल्या अशाच एका पानावरून ते तुकडे जोडून जिवाणूची पोथी पुन्हा उभी केली गेली. २०२३ साली आणखी तेरा जुन्या पानांची भर पडली. अक्षरे किती वेगाने बदलतात याचा हिशेब धरून काळ मोजता येतो. त्यावरून दिसले की या जिवाणूचे घराणे दक्षिण आशियातले, आणि जगभर पसरण्याआधी तो इथेच पुष्कळ काळ नांदला.

मॉरिशसच्या बेटांकडे तो १९व्या शतकात गेला असावा. तिथे १८३५ साली गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळ्यांवर राबायला आशियातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांच्याबरोबर झाडेही गेली आणि झाडांबरोबर रोग, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या जहाजांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. आपले देव नेले, आपली बोली नेली. परक्या बेटावर दारात लिंबाचे झाड असावे म्हणून कोणी ओल्या फडक्यात गुंडाळून एखादे रोप नेले असेल, तर त्याच्या पानावर एखादा बारीकसा तपकिरी डाग आहे की नाही, हे पाहायला त्या गर्दीत कोणाला सवड असणार?